पार्टीने हॉल्टिंग दिलं नाही, तरी ड्रायव्हरचे दिवस फुकट जात नाहीत

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ड्रायव्हर भावाचा आहे. थोडक्यात असा: बारा गाड्यांच्या मालकाकडे चौदा चाकी चालवतो. पगार महिना १८,००० आणि वर ट्रिपमागे भत्ता. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतून माल भरून चेन्नईकडच्या एका कारखान्यात गेलो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला गेटवर रिपोर्टिंग केलं. शनिवार-रविवार गाडी आत घेतली नाही, सोमवारी दिवसभर लाइन, मंगळवारी दुपारी दोनला गाडी खाली, म्हणजे रिकामी, झाली. परत आल्यावर नेहमीचा ट्रिप भत्ता मिळाला, वर डिझेल जास्त लागलं म्हणून १,४०० रुपये कापले. थांबलेल्या दिवसांचं विचारलं तर मालक म्हणाले, "पार्टीने हॉल्टिंग दिलं नाही, मी तुला कुठून देऊ?" हे बरोबर आहे का, आणि पुढच्या वेळी मी काय करायचं?

भाऊ, आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. अकरा वर्षं मी गाडी चालवली. मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हा गाडी सुटली, आणि ज्यांच्याकडे चालवत होतो त्यांनीच ऑफिसात बसवलं. गेली सोळा वर्षं आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ मुनीम म्हणून हिशेब बघतो. तुमची बाजू मी अंगावर काढलेली आहे आणि मालकाची बाजू रोज वहीत लिहितो.

तुमच्या मालकांचं उत्तर चुकीचं आहे. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, पार्टीने खरंच पैसे दिले नसतील. पण त्यांनी दोन वेगळी खाती एकात घातली. एक खातं मालक आणि पार्टीचं, म्हणजे ज्याचा माल गाडीत आहे त्याचं. गाडी अडकवून ठेवली म्हणून गाडीचं जे भाडं लागतं ते हॉल्टिंग. दुसरं खातं मालक आणि ड्रायव्हरचं. तुम्ही तेवढे दिवस त्यांच्या कामावर होतात, म्हणून तुमचा पगार, भत्ता आणि जास्तीचे तास. पहिल्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून दुसरं खातं कोरं राहत नाही. पार्टीने भाड्याचं बॅलन्स अडकवलं तरी मालकाला पंपवाल्याची उधारी द्यावीच लागते, फायनान्सचा हप्ता भरावाच लागतो. तिथे कुणी "आधी माझे येऊ द्या" म्हणत नाही, म्हटलं तर गाडी ओढून नेतात. ड्रायव्हरच्या दिवसांनाच ही अट लागते, कारण ड्रायव्हर गाडी ओढून नेत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगायला हवं. २००७ च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्याबाहेर मी पाच दिवस उभा होतो. ताडपत्री फाटलेली, वरून पाऊस, माल भिजू नये म्हणून रात्री दोन-दोन वेळा उठून दोऱ्या आवळायच्या. घरी ओझरला पोरगा तापाने फणफणलेला आणि खर्चीचे पैसे तिसऱ्या दिवशीच संपले. चहावाल्याकडे उधारी करून दिवस काढले. परत आलो, ट्रिपचे पैसे घेतले, पुढच्या फेरीला लागलो. थांबल्याचे पैसे मागायचे असतात हे डोक्यातच नव्हतं. तीन वर्षांनी मुनीम झालो आणि जुन्या वह्या चाळताना माझ्याच गाडीचं खातं समोर आलं. त्यात एक नोंद होती: हॉल्टिंग जमा, ५ दिवस. पार्टीने चार महिन्यांनी का होईना, पैसे दिले होते. ते गाडीच्या टायरांत गेले होते.

मी मालकांना वही दाखवली. माणूस चांगला, मुलाच्या दवाखान्याला न मागता पैसे देणारा. ते म्हणाले, "अरे, ते तर गाडीचं हॉल्टिंग होतं." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. गाडी थांबली हे सगळ्यांना दिसलं होतं. गाडीत माणूस थांबला होता, हे वहीत कुठे लिहायचं याचा रकानाच नव्हता.

आपल्या धंद्यात थांबण्याला किंमत नाही असं मुळीच नाही. न्हावा शेवा बंदरात शिपिंग लाइनचा रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, तुम्ही ठरल्या दिवसांपेक्षा जास्त ठेवून बघा, दिवसागणिक डिटेन्शन चढतं आणि ते भरल्याशिवाय पुढचं काम हलत नाही. रेल्वेची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, वेळेत खाली केली नाही तर तासावर डेमरेज लागतं. लोखंडी डब्याच्या तासाला दर आहे. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याची गोणी उचलणाऱ्या हमालाची मजुरीही ठरलेली आहे, कारण अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. त्याआधी हमालालाही जे हातावर पडेल ते घ्यावं लागायचं. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, भांडणात आपल्याच ट्रान्सपोर्टवाल्यांनी 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा दिली आणि ती योग्यच आहे, माल ज्याचा त्यानेच तो उतरवायचा खर्च सोसावा. मग ज्याच्या गेटवर माणूस उभा राहिला त्याने त्या उभं राहण्याचा खर्चही सोसावा, आणि तो पोचेपर्यंत ज्याने माणूस कामावर पाठवला त्याने सोसावा.

आता कायद्याकडे येऊ. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ पासून स्वतंत्र कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्याच्या मार्गावर मंजुरी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत, आठवड्याची सुट्टी, आणि वरच्या तासांना दुप्पट दर. पाच कामगार असले की तो लागू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विलीन झाला. त्यात पाचाऐवजी दहा कामगारांची मर्यादा आली. तुमच्या मालकाकडे बारा गाड्या आहेत, तेवढे ड्रायव्हर पटावर असतील तर ते त्यातून सुटत नाहीत. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे चालवणाऱ्या भावांनी वेतन संहिता, २०१९ धरावी. किमान वेतनाला आणि पगार वेळेवर देण्याला तिथे कामगारांच्या संख्येची अट नाही, आणि जास्तीच्या तासांचा दर तिच्यातही दुप्पटच आहे.

आता कामाचे तास म्हणजे काय, हा खरा वादाचा मुद्दा. १९६१ च्या कायद्याने व्याख्या केली ती अशी, की कामगार मालकाच्या, किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या, हाताशी असतो तो वेळ. त्यात गाडी चालण्याचा वेळ आला, जोडीची कामं आली, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ आला. मालकांचे सल्लागार हे शेवटचं वाक्य पुढे करतात. पंधरा मिनिटांच्या वर नुसतं बसलात तर ते काम नाही, म्हणतात. इथे नुसतं बसणं कशाला म्हणतात ते बघायला हवं. लाइन दर वीस मिनिटांनी गाडीभर पुढे सरकते, तेव्हा तुम्ही गाडी चालवताय. गेटवर कागद दाखवताय, वजनकाट्यावर गाडी चढवताय, ताडपत्री सोडताय, दोऱ्या काढताय, माल मोजून देताय, ही सगळी जोडीची कामं. म्हणून मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, 'चार दिवस उभा होतो' असं मोघम बोलू नका. कोणत्या दिवशी किती वाजता काय केलं ते सांगा. मोघम चार दिवसांवर भांडण होतं, तासावर हिशेब होतो.

तुमचंच बघू. शुक्रवारी सहा ते मंगळवारी दोन म्हणजे ९२ तास. हे सगळे ९२ तास कामाचे म्हणून मागू नका, ते टिकणार नाही आणि बाकीचं खरंही मग खोटं वाटायला लागेल. १८,००० रुपयांना २६ दिवसांनी भागा, दिवसाचे ६९२ रुपये झाले. आठ तासांनी भागा, तासाचे साधारण ८६ रुपये ५० पैसे. दुप्पट दर १७३. शनिवार तुमच्या महिन्याच्या पगारात आलेला आहे, त्या दिवसाचा बाहेरगावचा भत्ता तेवढा राहिला. रविवारी तुमची आठवड्याची सुट्टी गाडी राखण्यात गेली, ती बदली सुट्टी म्हणून मागायची. सोमवारी समजा सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत लाइन सरकत होती, म्हणजे सतरा तास तुम्ही स्टिअरिंग सोडू शकला नाहीत. आठ तास पगारातले, नऊ तास वरचे. नऊ गुणिले १७३ म्हणजे १,५५७ रुपये. मंगळवारचे तास तुम्हीच आठवून लावा. त्यावर रोजचा जेवणाखाण्याचा भत्ता, कारण ट्रिप भत्ता ठरला तेव्हा तो जाण्यायेण्याच्या दिवसांवर ठरला होता, गेटसमोर मुक्काम करण्यावर नाही. रक्कम फार मोठी होत नाही, बघा. म्हणूनच ती मागता येते आणि मालकाला देताही येते.

ज्यांना पगारच नाही, नुसती ट्रिपवर बोली आहे, त्यांची गोष्ट जास्त वाईट. महिन्यात आठ फेऱ्या धरून बोली केलेली असते, दोन ठिकाणी गाडी अडकली की पाचच होतात, आणि घरी किराणा तेवढाच लागतो. त्यांनी महिन्याचे कामावरचे सगळे दिवस मांडून बघावेत. मिळालेली रक्कम त्या दिवसांच्या किमान वेतनापेक्षा खाली गेली असेल तर ट्रिपची बोली काहीही असो, फरक देणं मालकावर आहे.

आता पुरावा. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण माझ्यासमोर आलेल्या दहांतल्या नऊ भांडणांत ड्रायव्हर खरा असतो आणि हातात काहीच नसतं.

काटा पावती सांभाळा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वजन एकाच पावतीवर येतं, आणि दोन्ही वजनांची वेळ छापलेली असते. त्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे गाडी कारखान्याच्या आत किती वेळ होती, आणि ते त्यांच्याच यंत्राने लिहून दिलेलं आहे. पण काटा आतला वेळ सांगतो. बाहेर पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला काढलेल्या दोन रात्री त्यात येत नाहीत, आणि कारखाने नेमका गेट-इनपासून वेळ मोजतात. म्हणून पोचल्या मिनिटाला ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाका: गाडी नंबर, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) नंबर, 'गेटवर पोचलो, सिक्युरिटीकडे कागद दिले', सोबत लोकेशन आणि गेटच्या पाटीसह गाडीचा फोटो. टोकन दिलं तर टोकनाचा फोटो. आवाजी मेसेज टाकू नका, चार महिन्यांनी तो कुणी ऐकत बसत नाही. रोज सकाळी एक ओळ: 'आजही नंबर नाही'. खाली झाल्यावर पोचपावतीवर आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून शिक्का मागा. सिक्युरिटीवाला नाही म्हणाला तर तुम्ही स्वतः तारीख-वेळ लिहा आणि त्याच्यासमोर फोटो काढा. पोचेवर वेळ नसेल तर मुनीम हॉल्टिंगचं बिल लावूच शकत नाही, मी स्वतः अशी बिलं बाजूला ठेवलेली आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं.

फास्टॅगचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर येतो, पण तोही तुमचाच साक्षीदार. घोटीचा टोल किती वाजता ओलांडला, परत येताना शिंदेचा किती वाजता, हे बँकेच्या नोंदीत राहतं. जीपीएस असेल तर गाडी कुठे किती तास उभी होती ते मालकाला मिनिटापर्यंत दिसतं. तुम्ही थांबलाच नव्हता असं आजच्या काळात कुणी म्हणू शकत नाही.

आणि ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. नाशिकहून न्हावा शेवा दोनशेच्या आतच, म्हणजे बिलाला मिळतो एकच दिवस. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलात, कसारा घाटात ट्रेलर आडवा झाला, पुढे पोर्टची लाइन लागली, की मुदत संपते आणि तपासणीत गाडी धरली जाते. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवून घेता येते. ते काम ट्रान्सपोर्टरचं आहे, पण ऑफिसला कळवणारे तुम्हीच. वाढवताना उशिराचं कारण भरावं लागतं. म्हणजे तुमचा उशीर तुमच्यामुळे नव्हता हे तुमच्याच ऑफिसने सरकारी पोर्टलवर तारीखवार लिहून ठेवलेलं असतं. 'माल उशिरा पोचला' म्हणून पुढे कुणी तुमच्याकडून पैसे कापायला निघालं तर ही नोंद मागा.

कापण्यावरून तुमचे १,४०० रुपये. पगारातून काय कापता येतं याची यादी वेतन संहितेत दिलेली आहे. नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. चार दिवस गेटवर गाडी सुरू-बंद केली, लाइनमध्ये गाडीभर पुढे घेतली, तर ॲव्हरेज पडणारच. चेन्नईकडच्या उन्हात केबिनमध्ये बसायचं आणि इंजिन बंद ठेवायचं, हे ज्याने सांगावं त्याने एकदा दुपारी बसून दाखवावं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण एसी इंजिनावर चालतो. थांबलेल्या गाडीच्या डिझेलचा हिशेब वेगळा धरला नाही तर सरकारने दिलेल्या थंड हवेचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून जातील. जीपीएसवर इंजिन चालू असलेले तास दिसतात. मालकांना सांगा, उभ्या गाडीचे इंजिन-तास काढा, त्याला तासाचं जे डिझेल लागतं ते ॲव्हरेजमधून वजा करा, मग जे उरेल त्यावर बोलू.

पैशापेक्षा मोठी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच बिलात येत नाही. उभं राहणं ही झोप नाही. लाइन सरकते तेव्हा मागचा हॉर्न मारतो, झोप लागली तर नंबर जातो. डिझेल काढणारे फिरत असतात, ताडपत्री कापणारे असतात, म्हणून अर्धा डोळा उघडा. संडासाची सोय नाही, पाणी विकत. असे तीस-छत्तीस तास काढले की गाडी खाली होते आणि त्याच क्षणाला ऑफिसचा फोन येतो, रिटर्नचा माल तयार आहे, सकाळपर्यंत पोच. ऑफिसच्या लेखी ड्रायव्हर तीन दिवस बसून होता, म्हणजे ताजा. मीही मुनीम म्हणून असे फोन केलेत. एका रात्री आमचाच एक जण असा उठून निघाला आणि कसारा घाट उतरताना त्याचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासून थांबली, जीव वाचला. त्याने आल्यावर एवढंच सांगितलं, "मामा, मी परवा सकाळपासून झोपलोच नव्हतो." त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: खाली झालेली गाडी ड्रायव्हर म्हणेल तेव्हाच हलेल, किमान सहा तासांच्या झोपेनंतर. तुम्हीही हा हट्ट धरा. पैशाच्या हट्टाआधी हा धरा.

आता मालकाची बाजू, कारण तीही खरी आहे. बिल्टीच्या मागे हॉल्टिंगची अट छापलेली असते, पण मोठी पार्टी स्वतःच्या ऑर्डरमध्ये वेगळी अट घालते. कुठे चोवीस तास मोकळे, कुठे अठ्ठेचाळीस, रविवार धरायचा नाही, सणाची सुट्टी धरायची नाही. मध्ये ब्रोकर असला तर पार्टीने दिलेलं हॉल्टिंग तो पूर्ण पुढे सरकवेलच असं नाही. लहान मालक बोलत नाही, कारण पुढचा माल जाईल. या अटी माल भरायच्या आधी बोलून घ्यायच्या असतात, गेटवर उभं राहिल्यावर त्यावर काही होत नाही. ज्या मालकांची उद्यम नोंदणी आहे त्यांना एक हत्यार आहे: सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. हॉल्टिंगचं बिल लेखी, पोचेसकट, वेळेवर लावलं तर तेही त्यात बसवता येतं. फोनवर 'साहेब, हॉल्टिंगचं बघा' म्हटलेलं कशातच बसत नाही.

वहीतली ती नोंद सापडल्यावर आम्ही काय केलं ते सांगतो. मालक आणि मी बसलो आणि ठरवलं की रिपोर्टिंगच्या मेसेजपासून पहिले बारा तास मोकळे, त्यानंतर दर बारा तासांना ड्रायव्हरला ठरलेला उभा भत्ता. आज तो ३५० रुपये आहे. पार्टी देवो न देवो, महिन्याच्या हिशेबात तो मिळणार. वरचे तास आणि सुट्टी वेगळी. मालकांना भीती होती की ड्रायव्हर मुद्दाम थांबतील. तसं झालं नाही, साडेतीनशे रुपयांसाठी कुणी गेटसमोर रात्र काढत नाही, घर सगळ्यांना असतं. झालं ते वेगळंच. आधी गाडी थांबली की ऑफिसला काही वाटत नव्हतं, आता रोज स्वतःच्या गल्ल्यातून पैसे जायला लागले. मग आम्ही दुसऱ्याच दिवशी पार्टीला मेल करू लागलो, पोचेसोबत हॉल्टिंगचं बिल त्याच आठवड्यात लावू लागलो, आणि ज्या दोन पार्ट्या कायमच अडकवायच्या त्यांचा दर वाढवून मागितला. एकीने दिला, एक सोडून गेली. सुटलेल्या पार्टीचं आजही दुःख नाही. ड्रायव्हरला थांबण्याचे पैसे द्यायला लागल्यावरच आमचं हॉल्टिंग वसूल होऊ लागलं, हे मी वहीतून दाखवू शकतो.

कांद्याच्या लाइनवरच्या भावांना एक सांगतो, कारण तिथे उशीर कारखान्याचा नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. पिंपळगाव, लासलगावकडून भरून निघालेले कंटेनर पोर्टवर पोचले आणि तिथेच अडकले. व्यापारी म्हणाला माझा दोष नाही, शिपिंग लाइनवाला म्हणाला माझा नाही. सगळं खरं. आत कांद्याला कोंब फुटत होते आणि पुढे केबिनमध्ये माणूस बसून होता. अशा वेळी हॉल्टिंग कुणी द्यायचं यावर वाद होऊ शकतो, घाट बंद पडला किंवा आंदोलनाने हायवे अडला तरी होऊ शकतो. पण ड्रायव्हरच्या खात्याला कारण लागत नाही. उशीर सरकारमुळे झाला असो, पावसामुळे असो, माणूस त्या दिवशी कामावर होता.

तक्रारीची पायरी शेवटची ठेवा, पण ती आहे हे माहीत असू द्या. कमी वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात चौकशी केली की अर्ज कुठे द्यायचा ते सांगतात. एकट्याने जाण्यापेक्षा तिघं-चौघं मिळून, किंवा युनियनमार्फत गेलात तर बरं. आणि दावा केला की पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, ते संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या तरतुदीवरून ड्रायव्हरांनी दोन दिवस गाड्या उभ्या केल्या तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघाले नाहीत आणि पंपांवर रांगा लागल्या. शिक्षेच्या भीतीने सगळे एक झाले. थांबण्याच्या पैशासाठी एवढं काही लागत नाही, एका मालकाकडचे बारा जण एकाच सुरात बोलले तरी पुरतं.

तुम्ही आत्ता एवढं करा. चेन्नईच्या फेरीची काटा पावती, टोकन, फोटो, घरी केलेले फोन, जे सापडेल त्यावरून चार दिवसांचे तास एका कागदावर लिहा. वर मी केला तसा हिशेब खाली मांडा, १,४०० रुपयांचं वेगळं लिहा. मालकांकडे सकाळी गाड्या लावायच्या गडबडीत जाऊ नका आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोरही काढू नका. रविवारी दुपारी निवांत असतील तेव्हा जा, कागद त्यांच्या हातात द्या, आणि आधी पुढच्या फेऱ्यांचं बोला: रिपोर्टिंगनंतर किती तास मोकळे, मग किती भत्ता. ते ठरलं की या चार दिवसांचं आपोआप निघेल. ठरलेलं त्यांच्या मुनीमाला वहीत लिहायला लावा, आणि लिहिलेल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.